ससाण्याच्या डोक्यावरचं बक्षीस

घार आपल्या मराठीत दोन घरी नांदते. उंच आकाशात असली की ती आई. पिलांवर जीव ठेवून फिरणारी म्हणून ओव्या-अभंगांत तिला केवढा मान! पण तीच घार परसात उतरली आणि शेजारणीच्या कोंबडीचं पिल्लू घेऊन गेली, की लगेच मेली, चोरटी, अवदसा. पक्षी तोच, भूकही तीच. आपण मात्र जमिनीवर कुठं उभ्या आहोत, त्यावर तिचं नाव ठरतं.

आपल्याकडं हे सगळं शिव्याशापांवर भागलं. कुणी दगड भिरकावला, कुणी थाळी बडवली, झालं. पण जगात अशीही राज्यं होऊन गेली, जिथं सरकारनं रीतसर कायदा करून ससाणे, घुबडं आणि शिकरे यांच्या डोक्यावर रोख बक्षीस लावलं. कशासाठी, तर कोंबड्या वाचाव्यात आणि रानातले तित्तर, लावे, ससे माणसाच्या बंदुकीसाठी शिल्लक राहावेत. त्या कायद्यांची आणि त्यातून निघालेल्या हिशोबाची हकिगत मला सांगायची आहे. हिशोब म्हटलं की आपण बायका कान टवकारतोच. महिन्याच्या शेवटी दुधाचा नि वाण्याचा मेळ घालणाऱ्या हातांना हा हिशोब चटकन कळेल.

पेनसिल्व्हेनिया हे अमेरिकेच्या पूर्वेकडचं राज्य. डोंगर आणि जंगल भरपूर, मधूनमधून शेतं. २३ जून १८८५ रोजी तिथल्या विधिमंडळानं शेतीच्या हिताचा म्हणून एक कायदा केला. ससाणा, घुबड, वीझल नावाचा मुंगसासारखा लहान प्राणी आणि त्याच्याच कुळातला मिंक, यांपैकी काहीही मारा आणि नगामागं ५० सेंट घ्या. शपथपत्र लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याला वर २० सेंट. लोकांनी या कायद्याला नाव दिलं ‘स्काल्प ॲक्ट’. स्काल्प म्हणजे डोक्याची कातडी. ती दाखवायची आणि पैसे मोजून घ्यायचे, असा रोकडा व्यवहार.

दीड वर्षात सरकारी तिजोरीतून सुमारे ९०,००० डॉलर गेले. एका नगाला ७० सेंट धरले तर १,२८,५७१ जीव झाले. त्यातले बहुतेक ससाणे आणि घुबडंच.

त्या वेळी अमेरिकेच्या कृषी खात्यात सी. हार्ट मेरियम नावाचे पशुपक्ष्यांचे अभ्यासक होते. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन या खर्चाचा ताळा केला. समजा, ससाण्या-घुबडांनी राज्यभरात वर्षाला ५,००० कोंबड्या नेल्या. नेतात ती बहुतेक लहान पिल्लंच, तरी उदारपणानं एकेकीची किंमत २५ सेंट धरू. वर्षाला १,२५० डॉलर झाले, दीड वर्षाचे १,८७५. म्हणजे १,८७५ डॉलरचं नुकसान टाळायला सरकारनं ९०,००० खर्च केले! पण मेरियम इथं थांबले नाहीत. यातला एकेक पक्षी वर्षाला निदान हजार उंदीर किंवा त्या मानानं किडे खातो. एक उंदीर शेतकऱ्याचं वर्षाला दोन सेंटचं धान्य नासतो. म्हणजे एक ससाणा शेतकऱ्याला वर्षाचे २० डॉलर वाचवून देतो, दीड वर्षाचे ३०. मेलेल्या सगळ्या जिवांचा असा हिशोब घातला तर ३८,५७,१३० डॉलरचं नुकसान. त्यात बक्षिसाची रक्कम मिळवली की एकूण ३९,४७,१३०. वाचलेल्या दर डॉलरमागं सरकारनं २,१०५ डॉलर फेकून दिले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यातले काही आकडे अंदाजाचेच होते हे खरं. उंदराचे दोन सेंट कुणी मोजून पाहिले होते? पण अंदाज दहापट चुकला तरी कायदा तोट्याचाच ठरत होता. १८८७ मध्ये तो रद्द झाला.

पुढं कृषी खात्यानं ठरवलं की अंदाज नकोत, पक्षी काय खातात ते प्रत्यक्षच पाहावं. १८९३ मध्ये ए. के. फिशर यांचं अमेरिकेतल्या ससाण्यांवर आणि घुबडांवर मोठं पुस्तक निघालं. त्यासाठी सुमारे २,७०० पक्ष्यांची पोटं तपासली होती. लाल शेपटीच्या ससाण्याला तिथले शेतकरी ‘कोंबडीचोर’ समजत. त्याची ५६२ पोटं उघडली. कोंबडी किंवा शिकारीचा पक्षी सापडला ५४ पोटांत. उंदीर २७८ पोटांत. इतर लहान सस्तन प्राणी १३१ पोटांत. ८९ पोटं रिकामीच होती. ज्याला चोर म्हणून झाडाला लटकवत होते, तो खरं म्हणजे रात्रंदिवस पहारा देणाऱ्या राखणदारासारखा वागत होता.

हे वाचताना मी मात्र अडखळले. पक्षी निर्दोष आहे हे सिद्ध झालं, पण त्यासाठी त्याचं पोट फाडावं लागलं. साक्ष मिळाली, साक्षीदार मात्र जिवंत राहिला नाही. त्या काळच्या शास्त्राची तीच रूढ वाट होती हे मान्य. तरी पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे टोचतंच, आणि टोचावंही. आणखी एक गोष्ट. फिशरनी सगळ्यांनाच सोडवलं नाही. पक्ष्यांचे त्यांनी वर्ग पाडले: निरुपद्रवी, बराचसा उपयोगी, नफातोटा सारखा, आणि उपद्रवी. या शेवटच्या वर्गात गोशॉक बसला. तो आपल्या शिकऱ्याचा धिप्पाड भाऊ, रानकोंबड्या आणि ससे उचलणारा. ज्याचा शेतकऱ्याला उपयोग, तो वाचावा. ज्याचा नाही, त्याची जबाबदारी कुणावरच नाही. उपयोगाच्या तराजूत दया तोलली की असं होतं.

शेतकऱ्याचं समाधान झालं तसा शिकारी पुढं आला. त्याला उंदरांशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवे होते ग्राउज, म्हणजे तित्तराच्या जातकुळीतले जाडजूड रानपक्षी, शिवाय लावे आणि ससे. त्याचं म्हणणं साधं होतं. ससाण्यानं नेलेला प्रत्येक पक्षी माझ्या पिशवीतून गेला. १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनियानं पुन्हा बक्षीस लावलं, या खेपेला फक्त गोशॉकवर. किंमत होती पाच डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. लोकांची कामं गेली, आणि पाच डॉलर ही रक्कम चूल पेटती ठेवणारी ठरली. आता आकाशातून जाणाऱ्या शंभर ससाण्यांत गोशॉक कोणता, हे बंदूकवाल्याला कसं कळावं? मग जो दिसेल त्यावर गोळी.

त्या राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. पानगळीच्या दिवसांत उत्तरेकडचे ससाणे, गरुड हजारोंनी दक्षिणेला निघतात. डोंगरावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरून ते जवळजवळ न फडफडता पुढं सरकतात. एका कड्यावरून ते अगदी डोळ्यांसमोरून जातात. शिकारी लोक त्या कड्यावर जाऊन बसत आणि गंमत म्हणून पक्षी पाडत. १९३२ मध्ये रिचर्ड पो नावाचा तरुण पक्षीनिरीक्षक तिथं गेला. खाली जंगलात मेलेले आणि जखमी पक्षी विखुरले होते. त्यानं ते गोळा केले, जमिनीवर ओळीनं मांडले आणि फोटो काढले. पुढं ते फोटो न्यूयॉर्कला पक्षीप्रेमी मंडळींना दाखवले गेले. मंडळी हळहळली, पण कुणी काही केलं नाही.

ते फोटो पाहणाऱ्यांत रोझली एज नावाची एक बाई होती. जन्म १८७७ चा, न्यूयॉर्कमधल्या सुखवस्तू घरातली. तिच्याकडं शास्त्राची पदवी नव्हती, कुठलं पद नव्हतं. दोन मुलांची आई. मात्र बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ती उभी राहिली होती. सभेत उठून प्रश्न विचारायचा, पत्रकं छापून वाटायची, आणि ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांच्या दारातून हलायचं नाही, ही विद्या ती तिथं शिकली. १९२९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिनं देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षीसंरक्षण संस्थेच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारलं, की तुम्ही नक्की कुणाचं संरक्षण करता? पक्ष्यांचं की शिकाऱ्यांचं? मोठमोठ्या विद्वान पुरुषांना ते अजिबात आवडलं नाही. तिनं स्वतःची छोटीशी समिती काढली आणि पत्रकं छापायला सुरुवात केली.

१९३४ मध्ये तिनं त्या डोंगराची सुमारे १,४०० एकर जागा भाडेपट्ट्यानं घेतली आणि पुढं विकतही घेतली. ससाण्यांसारख्या पक्ष्यांसाठी राखलेली जगातली ही पहिली जागा. आज तिला ‘हॉक माउंटन’ म्हणतात. राखण करायला तिनं मॉरिस ब्राउन आणि त्याची बायको अर्मा या तरुण जोडप्याला बोलावलं. मॉरिस कड्यावर बसून पक्षी मोजायचा. खाली रस्त्याच्या तोंडाशी उभी राहायची अर्मा. बंदुका घेऊन चिडलेले लोक यायचे, आणि ही बाई त्यांना सांगायची, आता इथं शिकार बंद आहे. त्या पानगळीपासून त्या कड्यावर गोळी चालली नाही. मैत्रिणींनो, दारात उभं राहून ‘नाही’ म्हणणं हे किती अवघड काम आहे, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

रोझली एजचं एक म्हणणं मला फार पटतं. एखादी जात भरपूर असते, तेव्हाच तिला जपायची वेळ असते, असं ती म्हणे. अगदी शेवटची चार-दोन उरली की मग अश्रू ढाळणारे पुष्कळ भेटतात.

पण शिकाऱ्याचा मूळ प्रश्न इथं सुटत नाही. ससाणे खरंच रानातले लहान पक्षी संपवतात का? हा प्रश्न भावनेनं सुटणारा नाही. माहितीच हवी.

जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेला श्रीमंत लोकांच्या मोठमोठ्या शिकारी जमिनी होत्या. बॉबव्हाइट नावाचे लावे तिथं कमी व्हायला लागले, तेव्हा मालकांनीच पैसे घालून अभ्यास करवला. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२४ पासून पाच वर्षं ते काम केलं आणि १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं. संशय होता दलदलीवर भिरभिरणाऱ्या भोवत्या पक्ष्यावर. भोवत्या म्हणजे हॅरियर. आपल्याकडं थंडीत माळावर खालून तरंगत जाणारे भोवत्या दिसतात, त्यांचाच हा भाऊ. या जातीचे पक्षी न पचलेली हाडं-केसं गोळ्या करून ओकून टाकतात. स्टॉडर्डनी अशा सुमारे १,१०० गोळ्या तपासल्या. ९२५ गोळ्यांत कॉटन रॅट नावाच्या उंदराचे अवशेष सापडले. लावा सापडला फक्त चार गोळ्यांत. आणि हा उंदीर लाव्यांची अंडी खातो! म्हणजे भोवत्याला मारणारा शिकारी आपल्याच लाव्यांच्या वैऱ्याला मोकळं रान देत होता. शिवाय या वेळी कुणाचं पोट फाडावं लागलं नाही, याचं मला वेगळं समाधान वाटतं.

त्याच सुमारास विस्कॉन्सिन आणि आयोवा राज्यांत पॉल एरिंग्टन नावाचे संशोधक हिवाळ्यात बर्फातून हिंडून लाव्यांचे थवे मोजत होते. त्यांना दिसलं ते असं. एका शेताच्या बांधावर, झुडपांत हिवाळाभर लपायला-खायला जागा आहे, समजा, वीस लाव्यांना. पावसाळ्याअखेर तिथं पन्नास आहेत. मग वरचे तीस जातातच. थंडीनं, भुकेनं, कोल्ह्यानं, घुबडानं. घुबड मारलं म्हणून पन्नास राहत नाहीत, कारण जागाच वीसची आहे. दहा जणांच्या घरात लग्नाला तीस पाहुणे उतरले, तर पांघरुणं काही वाढत नाहीत, तसंच. लावे हवे असतील तर घुबडामागं धावू नका, बांधावरची झुडपं वाढवा, हा त्यांच्या अभ्यासाचा मथितार्थ.

इथवर आले आणि मला वाटलं, झालं, पक्ष्याची सुटका झाली. पण इतिहास असा सोयीचा नसतो. पुढची गोष्ट स्कॉटलंडमधली.

स्कॉटलंडच्या डोंगरमाळावर हेदर नावाची जांभळ्या फुलांची झुडपं असतात आणि त्यांत तांबडे ग्राउज राहतात. एकोणिसाव्या शतकात ग्राउजची शिकार हा बड्या लोकांचा मोठा षौक झाला. दर १२ ऑगस्टला हंगाम सुरू. माणसं हाकारा घालतात, पक्षी उठवतात आणि ओळीनं बसलेले बंदूकवाले पाडतात. यासाठी ग्राउज शेकड्यांनी हवेत. ते राखायला जमीनदारांनी पगारी रखवालदार ठेवले, आणि वाकड्या चोचीचं जे दिसेल ते मारायचा शिरस्ता पडला. समुद्री गरुडाची शेवटची जोडी गेली आणि १९१८ नंतर ब्रिटनमध्ये तो पक्षीच उरला नाही. पुढं १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून त्याला पुन्हा वसवावं लागलं.

पुढं पक्षी मारायला कायद्यानं बंदी आली, तरी चोरून मारणं चालू राहिलं. मग १९९२ ते १९९७ या काळात लँगहोम या गावाजवळच्या माळावर मोठा अभ्यास झाला. मालकानं कबूल केलं की एकाही शिकारी पक्ष्याला हात लावणार नाही. स्टीव्ह रेडपाथ आणि सायमन थर्गुड हे त्यातले मुख्य अभ्यासक. झालं काय, तर अंडी घालणाऱ्या भोवत्या माद्या दोनवरून वीसवर गेल्या. वसंतात शिकारी पक्ष्यांनी वीण घालू शकणाऱ्या ग्राउजपैकी ३० टक्के नेले, आणि उन्हाळ्यात एकट्या भोवत्यांनी ३७ टक्के पिल्लं. एका हंगामात पानगळीच्या वेळचे ग्राउज निम्म्यानं घटले. शिकारच परवडेना, म्हणून रखवालदार काढून टाकले गेले.

म्हणजे शिकाऱ्याचं म्हणणं इथं खरं ठरलं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण का खरं ठरलं, तेही त्याच अभ्यासात आहे. १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत तिथलं ४८ टक्के हेदर मेंढ्यांच्या अति चरण्यानं संपून गवत झालं होतं. गवतात छोटे पिपिट पक्षी आणि शेतउंदीर वाढले. भोवत्या आले ते त्यांच्यासाठी. घर थाटलं, पिल्लं काढली, आणि समोर ग्राउजची पिल्लं दिसली तीही नेली. ग्राउज तर भोवत्या वाढण्याच्या कितीतरी आधीपासून, शतकभर कमी होत होते. मूळ दुखणं जमिनीचं होतं. भोवत्यानं ते उघडं पाडलं आणि वाढवलंही.

पुढं गंमत झाली. रखवालदार गेले तसे कोल्हे वाढले. ग्राउज तर वाढले नाहीतच, भोवत्यांची घरटीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, कारण ते जमिनीवर घरटं करतात. रखवालदार भोवत्याचा वैरी, तोच नकळत त्याचा राखणदारही होता! मधे एक प्रयोग झाला होता. पिल्लं असताना भोवत्यांना घरट्याजवळ मेलेली कोंबडीची पिल्लं आणि पांढरे उंदीर ठेवायचे. तसं केल्यावर त्यांनी ग्राउजची पिल्लं फारच कमी नेली. हे वाचून अभ्यासकांना आनंद झाला असेल. माझ्या मनात मात्र आलं, की बंदुकीसाठी राखायच्या पिलांना वाचवायला ही दुसरी पिल्लं. आणि वाचवलेली तरी कशासाठी? १२ ऑगस्टसाठी.

आमच्या महिला मंडळात हा विषय मी बोलले, तेव्हा एका वहिनींनी विचारलं, “आपण अहिंसेची माणसं. मांस खाणाऱ्या पक्ष्याची कड आपण का घ्यावी?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी लांब जायला नको. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातली मेघरथ राजाची कथा आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवतात. कबूतर भयानं थरथरत राजाच्या आश्रयाला येतं, मागोमाग ससाणा येतो आणि म्हणतो, माझं अन्न मला दे, मीही उपाशी आहे. शिबी राजाची कथाही अशीच. त्या कथेत एक गोष्ट घडत नाही, तिकडं आपलं लक्ष जात नाही. राजाजवळ सैन्य आहे, धनुर्धारी आहेत. एक बाण पुरेसा होता. पण ससाण्याला मारा, असं राजा म्हणत नाही. त्याची भूक खोटी आहे, असंही म्हणत नाही. तो तराजू मागवतो आणि स्वतःचं मांस त्यात घालतो. कबुतराला वाचवायची किंमत ससाण्याकडून वसूल करायची नाही, स्वतः द्यायची.

पेनसिल्व्हेनियाचा तराजू उलटा होता. तिथं किंमत ससाण्याच्या डोक्याची ठरली, आणि ग्राउज वाचवायचे ते शेवटी आपल्याच बंदुकीसाठी. वहिनींना मी इतकंच म्हटलं, की ससाण्याला पर्याय नाही, त्याला डाळभात खाता येत नाही. माणसाला पर्याय आहे. म्हणून हिशोब माणसाकडूनच मागायचा.

हॉक माउंटनवर मॉरिस ब्राउन रोज मोजत राहिला. ही मोजणी पुढं कशाला लागेल हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ निघालं, कीटकनाशकांच्या विषाबद्दलचं. त्यात त्यांनी ही मोजणी वापरली. १९३५ ते १९३९ या वर्षांत कड्यावरून जाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांत ४० टक्के वर्षभराच्या आतले असत. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. १९५७ मध्ये तर ३२ मोठ्या गरुडांमागं एकच पिल्लू. गरुड दिसत होते, पण पिल्लं होत नव्हती. डीडीटीचं विष माशांतून त्यांच्या अंगात उतरत होतं. १९७२ मध्ये अमेरिकेनं शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली आणि गरुड हळूहळू परतले. गरुडानं आधी सोसलं, म्हणून माणसाला कळलं. उपद्रवी ठरवून तेही संपवले असते, तर हे सांगायला कोण उरलं असतं?

लँगहोमच्या माळाचंही पुढं वेगळंच झालं. मालकानं जमीन विकायला काढली, तेव्हा त्या लहानशा गावानं वर्गणी आणि देणग्या जमवून २०२१ मध्ये ५,२०० एकर आणि २०२२ मध्ये आणखी ५,३०० एकर विकत घेतली. आता तिथं निसर्ग राखीव आहे. ग्राउज किती आणि भोवत्या किती हा वाद तिथं उरला नाही, कारण पिशवी भरायला कुणी येत नाही.

आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या माळांवर, सोलापूर-विजापूरच्या कोरड्या रानात दर हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. टोळ, नाकतोडे, उंदीर खाऊन राहतात आणि उन्हाळा लागला की परततात. त्यांच्या डोक्यावर आपल्याकडं कुणी बक्षीस लावलेलं नाही. तरी ते कमी होत चाललेत, असं अभ्यासक सांगतात, कारण माळ कमी होत चाललेत. ‘पडीक’ म्हणून कागदावर लिहिलं की माळाचे प्लॉट पडतात, कुठं झाडं लावून हिरवं केल्याचं समाधान मिळतं. तित्तर-लावेही त्याच माळावरचे. ज्या गवतात लावा लपतो, त्याच गवतावर भोवत्या फिरतो. दोघांचा वैरी एकमेकांत शोधायची गरज नाही. यंदा तुमच्या गावाबाहेरचा माळ कुणी पडीक म्हणून विकायला काढला, तर ग्रामसभेत उठून एक प्रश्न जरूर विचारा: पडीक कुणासाठी? रोझली एज बावन्नाव्या वर्षी उठली होती. आपल्यापैकी बऱ्याच जणी त्याच वयाच्या आहोत.